प्रलय, सात बहिणी आणि देवांच्या हातातली ‘पर्स’: प्राचीन संस्कृतींमधल्या साम्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकमेकांपासून हजारो मैल दूर राहणाऱ्या लोकांच्या कथा इतक्या सारख्या कशा, हा प्रश्न खराखुरा आहे. तो पडायलाच हवा. पण व्हॉट्सॲपवर त्याला उत्तरं मिळतात ती दोनच: एक तर ‘सगळं आपल्याकडूनच गेलं’, नाहीतर ‘परग्रहावरून कुणीतरी आलं’. दोन्ही उत्तरं ज्यांनी त्या कथा रचल्या, ते दगड फोडले, त्या माणसांना बाजूला सारतात. म्हणून वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

प्रलयाची गोष्ट सगळीकडे आहे. म्हणजे कधीतरी खरंच सगळं जग बुडालं होतं का?

नाही. एकाच वेळी सगळी पृथ्वी पाण्याखाली गेल्याची खूण खडकांत, गाळात, ध्रुवावरच्या बर्फात कुठेच सापडत नाही. आणि गोष्टही ‘सगळीकडे’ नाही. इजिप्त इतकं जुनं, पण पाण्याने जग बुडवणारी कथा तिथे रुजली नाही. नाईलचा पूर दरवर्षी ठरल्या वेळी यायचा, शेतात काळी माती टाकून जायचा, लोक त्याची वाट बघायचे. त्या पुराचा हापी नावाचा देवच होता. तिथल्या देवांना माणसांचा संहार करायचा असतो तेव्हा ते सिंहमुखी सेखमेतला धाडतात, आणि शेवटी लाल रंगवलेली बिअर शेतांत ओतून, तिला झिंगवून आवरतात. ज्यांचा पूर पोटाला घालतो, त्यांच्या कथेत पूर खलनायक होत नाही.

याउलट इराकमधल्या तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्या अवेळी, पिकं उभी असताना फुगायच्या. लिओनार्ड वूली यांना १९२०च्या दशकाच्या अखेरीस उर इथल्या उत्खननात गाळाचा काही मीटर जाडीचा थर लागला आणि ‘नोहाचा प्रलय सापडला’ अशी बातमी जगभर झाली. पुढे शुरुप्पक, किश अशा गावांतही पुराचे थर मिळाले, पण ते वेगवेगळ्या शतकांतले निघाले. म्हणजे एक महाप्रलय नव्हे, अनेक पूर, आणि प्रत्येक शहराच्या आठवणीत आपापला.

दुसरी एक शक्यता मात्र मला फार मोलाची वाटते. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. मग बर्फ वितळत गेलं आणि हजारो वर्षं किनारे आत सरकत राहिले. पॅट्रिक नन आणि निकोलस रीड या दोन अभ्यासकांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या २१ ठिकाणच्या मूलनिवासी कथा गोळा केल्या. ‘इथे पूर्वी जमीन होती, आमचे पूर्वज चालत जायचे’ असं सांगणाऱ्या या कथा त्यांच्या मते सात हजार वर्षांहून जुन्या आठवणी आहेत. तोंडी परंपरा इतकी टिकते हे सगळ्यांना मान्य नाही. पण ज्या समाजात एकाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याने तपासून बघायची रीत आहे, तिथे ते अशक्य मानायचं कारणही मला दिसत नाही.

मनूचा मासा, नोहाचं तारू आणि गिल्गमेश. कोणी कोणाकडून घेतलं?

यातल्या नोहा आणि गिल्गमेश (इराकमधलं प्राचीन महाकाव्य) या दोघांचं नातं पक्कं आहे. लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ नावाचा नोटांचे ठसे कोरणारा एक कारागीर होता. जेवणाच्या सुट्टीत ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन तो इराकमधल्या निनेवेहून आलेल्या मातीच्या पाट्या बघत बसायचा. तसं करत करत कीलाकार लिपी वाचायला शिकला आणि पुढे तिथेच नोकरीला लागला. ३ डिसेंबर १८७२ रोजी त्याने जाहीर सभेत एक पाटी वाचून दाखवली. श्रोत्यांत पंतप्रधान ग्लॅडस्टनही होते. गिल्गमेशच्या कथेतल्या त्या पाटीत प्रलयातून वाचलेला उत्नपिश्तिम सांगतो की त्याने नाव बांधली, सगळे प्राणी चढवले, पाणी थांबल्यावर सातव्या दिवशी कबुतर सोडलं, ते परत आलं. मग पाकोळी, तीही परतली. मग कावळा सोडला, तो परतला नाही. बायबलमध्ये नोहाही कावळा आणि कबुतरच सोडतो. असे बारकावे योगायोगाने जुळत नाहीत. याच कथेचं आणखी जुनं रूप, अत्रहासिसचं, इ.स.पू. सतराव्या शतकातल्या पाट्यांवर आहे. तिथे देवांचा राग पापामुळे नाही: माणसं फार वाढली, त्यांच्या गोंगाटाने एन्लिलची झोप उडाली, म्हणून पूर! ज्यू लोक बॅबिलोनमध्ये बंदिवासात राहिले होते, शेजार जुनाच होता. कथा तिथून बायबलमध्ये आली, हे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

मनूची कथा वेगळी आहे, आणि ती मुळातून वाचायला हवी. शतपथ ब्राह्मणात सकाळी मनूला हात धुवायला पाणी आणून देतात, तर त्याच्या हातात एक छोटा मासा येतो. ‘मला सांभाळ, मी तुला तारीन.’ ‘कशापासून?’ ‘पूर येणार आहे, सगळ्या प्रजेला वाहून नेणार आहे.’ लहान माशाला मोठा मासा गिळतो, म्हणून मनू त्याला आधी मडक्यात ठेवतो, मग खड्ड्यात, मग समुद्रात सोडतो. पूर आल्यावर नावेचा दोर माशाच्या शिंगाला बांधतो. मासा नाव उत्तरेच्या पर्वतापर्यंत ओढत नेतो आणि बजावतो: नाव झाडाला बांध, आणि पाणी ओसरेल तसतसा हळूहळू खाली उतर. उरलेला एकटा मनू पाण्यात तूप, दही अर्पण करतो आणि वर्षभराने त्यातून इडा नावाची स्त्री उभी राहते.

इथे काय नाही, ते पाहा. पूर का आला ते सांगितलेलं नाही. कुणी पापी नाही, प्राण्यांच्या जोड्या नाहीत, सप्तर्षी नाहीत, मासा म्हणजे विष्णू असंही नाही. सप्तर्षी महाभारताच्या वनपर्वात येतात, तिथे मासा स्वतःला ब्रह्मदेव म्हणवतो. विष्णूचा मत्स्यावतार हे त्यानंतरचं, पुराणांतलं रूप. ऋग्वेदात मनू आहे, पुराची ही कथा नाही. त्यामुळे ती मेसोपोटेमियाहून व्यापाऱ्यांबरोबर आली असावी असं काहींना वाटतं, तर काहींना ती इथलीच वाटते. पूर येणाऱ्या मोठ्या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांना पुराची कथा कुणी शिकवायला लागत नाही, म्हणून माझा कल दुसऱ्या मताकडे आहे. शिवाय माशाला वाढवत नेण्याचा तो सगळा भाग इराकच्या पाट्यांत मुळीच नाही.

चीनमधली प्रलयकथाही याच माळेतली का?

नाही, आणि ती या माळेत ओवली जाते याचं मला वाईट वाटतं. तिथे नाव नाही आणि वाचलेला एकटा माणूसही नाही. गुन बंधारे घालून पाणी अडवायला बघतो आणि फसतो. त्याचा मुलगा यू पाण्याला वाट काढून देतो, कालवे खणतो, कामाच्या धांदलीत स्वतःच्या दारावरून जाऊनही घरात पाऊल टाकत नाही. ही सुटकेची कथा नसून पाटबंधाऱ्यांची कथा आहे. पीत नदीवरच्या जिशी घळीत दरड कोसळून अडलेलं पाणी इ.स.पू. १९२०च्या सुमारास फुटलं आणि तोच हा पूर, असा दावा २०१६ साली संशोधकांनी केला. त्यावर वाद चालू आहे.

कृत्तिका म्हणजे ‘सात बहिणी’ हे जगभर कसं?

सगळ्या यादीतलं मला सर्वांत विलक्षण वाटणारं साम्य हेच. ग्रीकांच्या कथेत ॲटलसच्या सात मुली, त्यांच्यामागे लागलेला शिकारी ओरायन, आणि सातपैकी एक अंधूक किंवा हरवलेली. ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासींतही सात बहिणी, त्यांच्या मागे पुरुष. आपल्याकडे महाभारतात सात ऋषींच्या बायकांपैकी सहा जणी कृत्तिका झाल्या, अरुंधती मात्र वसिष्ठाजवळ राहिली. पुन्हा सातातली एक वेगळी!

आता अंगणात जाऊन पाहा. साध्या डोळ्यांना बहुतेकांना सहाच तारे मोजता येतात. मग सगळे सात का म्हणतात? पाठलागाचं उत्तर सोपं आहे: आधी कृत्तिका उगवतात, मग रोहिणी, मग मृग, म्हणजे रात्रभर तो शिकारी त्यांच्या मागेच असतो. हे दोन समाजांना आपापलं सुचू शकतं. हरवलेल्या सातवीचं उत्तर मात्र अवघड आहे. रे नॉरिस आणि बार्नाबी नॉरिस या संशोधकांनी असं मांडलं की यातले दोन तारे आज इतके जवळ दिसतात की एकच भासतात. एक लाख वर्षांपूर्वी ते थोडे लांब होते आणि सातही दिसत असत. म्हणजे ही कथा माणूस आफ्रिकेतून बाहेर पडला त्याच्याही आधीची! कल्पना भव्य आहे, सिद्ध झालेली नाही. सात हा आकडा लोकांना मुळातच आवडतो, हेही विसरून चालत नाही.

मृग नक्षत्रावरून टिळकांनी वेदांचा काळ काढला होता, तो बरोबर का?

ग्रीकांनी ज्या ताऱ्यांत शिकारी पाहिला, तिथे आपल्याकडे हरीण आहे. ऐतरेय ब्राह्मणात प्रजापती हरणाच्या रूपात रोहिणीमागे धावतो आणि त्याला बाण मारला जातो. मधले तीन ओळीतले तारे म्हणजे तो बाण, आणि शेजारचा लखलखणारा तारा म्हणजे व्याध. मृग नक्षत्र ही आपली पेरणीची खूण असल्यामुळे हे चित्र शेतकऱ्याला आजही जवळचं आहे.

लोकमान्य टिळकांनी १८९३च्या ‘ओरायन’ ग्रंथात असा युक्तिवाद केला की वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र सारखे असताना सूर्य जिथे दिसतो ती जागा) मृगात असतानाच्या आठवणी वेदांत आहेत, म्हणून ते इ.स.पू. ४०००च्या आसपास जातात. संपात सरकतो हे गणित पक्कं आहे. ज्या ऋचांवर ते बसवलं त्यांचा अर्थ तसाच लागतो का, यावर मतभेद आहेत. १९०३ साली त्यांनी मांडलेला आर्यांच्या उत्तर ध्रुवावरच्या घराचा सिद्धांत मात्र आज अभ्यासक स्वीकारत नाहीत. टिळकांचा अभ्यास थोर होता म्हणून निष्कर्षही मान्य करायलाच हवा, असा आग्रह धरणं त्यांच्यावरच अन्याय आहे; ते स्वतः पुराव्याने वाद घालणारे होते.

वीराने महासर्प मारायचा हे इतक्या ठिकाणी कसं?

इंद्र आणि वृत्र, झ्यूस आणि टायफॉन, थॉर आणि पृथ्वीला वेढणारा साप: हे एकाच (इंडो-युरोपीय) भाषाकुळातले भाऊबंद आहेत, वारसा एकच. तुर्कस्तानातल्या बोगाझकोय इथे सापडलेल्या इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या मितान्नी तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावं साक्षीला आहेत, इतका हा वारसा दूरवर पोचला होता. बॅबिलोनचे मार्दुक हा देव आणि त्याने मारलेली समुद्ररूपी तियामत मात्र या कुळातले नाहीत.

सगळ्या प्राचीन देवांच्या हातात एकसारखी ‘पर्स’ असते, ती कशाची?

हे चित्र दर महिन्याला कुणीतरी पाठवतं. त्यात सहसा तीन गोष्टी शेजारी चिकटवलेल्या असतात. पहिली तुर्कस्तानातल्या गोबेक्ली तेपेची: इ.स.पू. साडेनऊ हजारांच्या सुमाराच्या या जागी ४३ क्रमांकाच्या खांबावर वरच्या कडेला मुठीसारखी कमान असलेल्या तीन चौकोनी आकृती आहेत. त्या कुणाच्याही हातात नाहीत. दुसरी असिरियाची: इ.स.पू. नवव्या शतकात अशुरनासिरपाल दुसरा या राजाच्या निमरूदच्या राजवाड्यातले पंखवाले रक्षक, डाव्या हातात छोटी बादली, उजव्यात सुरूच्या फळासारखी वस्तू. ही बादली काय आहे हे खुद्द असिरियन ग्रंथच सांगतात: शुद्धीकरणाच्या विधीत पाणी शिंपडण्याचं साधन, आपल्याकडे पूजेत दर्भाने पाणी शिंपडतात तसं. तिसरी मेक्सिकोतल्या ला व्हेंटाची: खुळखुळ्या सापाच्या वेटोळ्यात बसलेला माणूस, हातात पिशवी. ती बहुधा धुपाची.

पहिल्या दोघांत साडेआठ हजार वर्षांचं अंतर आहे. मधल्या काळात या आकाराची अखंड साखळी दिसत नाही. धरायला मूठ असलेलं भांडं किंवा पिशवी समोरून कोरली की ती अशीच दिसणार.

इजिप्तमध्येही पिरॅमिड, मेक्सिकोतही. हे एकमेकांना माहीत नसताना कसं?

सिमेंट-लोखंडाशिवाय उंच बांधायचं तर खाली रुंद आणि वर निमुळतं करावं लागतं. खुफूचा पिरॅमिड इ.स.पू. २५६०च्या आसपासचा, तेओतिवाकानचा सूर्य-पिरॅमिड त्यानंतर जवळजवळ २७०० वर्षांनी झालेला. पहिला थडगं, दुसऱ्याच्या माथ्यावर मंदिर.

इजिप्शियन लोक चुकत चुकत शिकले हे तर उघड दिसतं. जोसरचा पायऱ्यांचा पिरॅमिड आधी, मग मैदूमचा, जो ढासळला. दहशूरला तर सुमारे ५४ अंशांच्या उताराने सुरू केलेलं काम मध्येच ४३ अंशांवर आणलं, म्हणून तो ‘वाकडा’ दिसतो. आकाशातून आलेल्यांना असं अडखळावं लागलं नसतं. आणि २०१३ साली लाल समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पिएर ताले यांच्या पथकाला पपायरस मिळाले. मेरेर नावाच्या मुकादमाची ती रोजनिशी आहे: तुराच्या खाणीतून चुनखडीचे दगड नावेत भरले, गिझाला पोचवले, कुठे मुक्काम केला. खुफूच्या पिरॅमिडवर काम करणाऱ्या माणसाची ही नोंद आज आपल्या हातात आहे!

वेरूळचं कैलास लेणं माणसांनी कोरणं शक्यच नव्हतं म्हणतात.

हा प्रश्न वाचून मला दरवेळी राग येतो, कारण ते आपल्याच लोकांचं काम आहे. आठव्या शतकातला राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात ते मुख्यतः झालं. भिंतींवर छिन्नीचे घाव आजही बोटाला लागतात. अर्धवट सोडलेल्या लेण्यांतून कामाची रीत कळते, आणि रचनेवर पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराची छाप आहे. राजघराण्याच्याच शाखेतल्या कर्काच्या इ.स. ८१२-१३च्या बडोदा ताम्रपटात म्हटलं आहे की विमानांतून जाणारे देव हे मंदिर पाहून थक्क झाले, आणि ते घडवणारा स्थपतीही ‘हे माझ्या हातून झालं तरी कसं’ म्हणून चकित झाला. त्या काळच्या लोकांनाही नवल वाटलं होतं, पण श्रेय त्यांनी कारागिरालाच दिलं.

मराठीत याची एक लोककथाही आहे, कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त. मंदिराचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असं राणीने व्रत घेतलं. मग पैठणच्या कोकसाने वरून कोरायला सुरुवात केली आणि आठवड्यात शिखर दाखवलं. आठवडा अर्थातच कथेतला. पण काम कळसापासून खाली आलं, हे त्या कथेने बरोबर जपलं आहे.

मोहेंजोदडोत अणुस्फोट झाला होता का?

विटांच्या भिंती अजून माणसापेक्षा उंच उभ्या आहेत. किरणोत्साराचा पुरावा नाही. ‘रस्त्यात पडलेले’ सांगाडे एका वेळचे नाहीत, हे जॉर्ज डेल्स यांनी १९६४ सालीच दाखवलं.

कोकणातल्या कातळशिल्पांचं सिंधू संस्कृतीशी नातं आहे का?

राजापूरजवळ बारसूच्या सड्यावर जांभ्यात कोरलेली एक मोठी आकृती आहे: मध्ये उभा माणूस, दोन्ही अंगांना त्याच्याकडे झेपावणारे दोन वाघ. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरही माणूस दोन वाघांना दोन हातांनी आवरतो आहे. आणि इजिप्तमधल्या गेबेल अल-अरकच्या सुरीच्या हस्तिदंती मुठीवर, इ.स.पू. ३३००च्या सुमारास, माणूस दोन सिंहांच्या मधे आहे. इराकमध्ये तर हा प्रकार मुद्रांवर सर्रास.

इराक आणि सिंधू यांच्यात व्यापार होता, हे नक्की. उरच्या राजघराण्याच्या थडग्यांत सिंधूकडचे कोरीव लाल मणी निघाले, आणि मेलुह्हाची (म्हणजे बहुधा सिंधू प्रदेशाची) भाषा जाणणाऱ्या शू-इलिशू नावाच्या दुभाष्याची मुद्राही उपलब्ध आहे. कोकणच्या सड्यापर्यंत असा धागा अजून पोचत नाही. शिल्पांचा काळही नक्की झालेला नाही. कातळशिल्पांतले हत्ती, मासे, गेंडा पाहता ती शिकार करणाऱ्या लोकांची वाटतात, मुद्रा वापरणाऱ्या व्यापाऱ्यांची नाही.

देवाचे गोठणे इथल्या शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते, हे खरं आहे. जांभ्यात लोह भरपूर असतं, तेवढं कारण पुरेसं असू शकतं. चित्र कोरणाऱ्यांना चुंबक कळत होता असं दाखवणारं तिथे काही नाही.

मला यात खरी काळजी वेगळी आहे. चिरेखाणी, रस्ते आणि बारसूच्या सड्यावर प्रस्तावित झालेला तेलशुद्धीकरण प्रकल्प यांच्या वाटेत ही शिल्पं आहेत. २०२२ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या नऊ जागा युनेस्कोच्या प्रस्तावित यादीत गेल्या, बारसूही त्यात आहे. यादीत नाव गेल्याने दगड आपोआप वाचत नाही.

मग खरोखर न उलगडलेलं असं काय उरतं?

पुष्कळ. सिंधू लिपी वाचता आलेली नाही. लेख सरासरी पाचेक चिन्हांचे, दोन लिप्यांतला एकही लेख नाही. तमिळनाडू सरकारने २०२५ साली ती उलगडणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. रोमन काळातले बारा बाजूंचे पोकळ काशाचे गोळे शंभराहून जास्त सापडले, पण ते कशासाठी होते हे त्या काळच्या एकाही लेखकाने लिहिलेलं नाही.

आणि अँटिकिथेरा, आकाशातल्या गती दाखवणारं यंत्र. १९०१ साली ग्रीसजवळ बुडालेल्या जहाजातून स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांनी एक गंजलेला गोळा वर आणला. त्याच्या ८२ तुकड्यांत ३० दातेरी चाकं आहेत. एका चाकाला २२३ दाते, कारण ग्रहणं २२३ चांद्रमासांनी पुन्हा त्याच क्रमाने येतात. चंद्र कधी जलद, कधी मंद चालतो, तेही एका खिळ्याने दुसऱ्या चाकाच्या खाचेत सरकून दाखवलं आहे. हे इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातलं. इतकं गुंतागुंतीचं चक्रयंत्र त्यानंतर हजारांहून जास्त वर्षं कुठे सापडत नाही. गणित बॅबिलोनच्या निरीक्षणांचं, हात ग्रीक कारागिराचे. पण ही विद्या पुढे कुठे गेली? बहुधा काशाची यंत्रं वितळवून पुन्हा वापरली गेली आणि बुडालेलं तेवढं वाचलं.

यातलं प्रत्यक्ष कुठे पाहता येईल?

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असिरियन राजवाड्यांतली शिल्पं आहेत. सिंधू मुद्रांसाठी दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय. वेरूळला कैलास लेण्याच्या वरच्या डोंगरकडेवरून जरूर पाहा, वरून खाली कोरणं म्हणजे काय ते तिथून कळतं. कातळशिल्पं पाहायला पावसाळ्यानंतर, सकाळी किंवा उतरत्या उन्हात जा. तिरप्या उजेडात रेषा उठून दिसतात. स्थानिक वाटाड्या सोबत घ्या, चपला काढून कडेने फिरा, आणि फोटो स्पष्ट यावा म्हणून रेषांत खडू किंवा चुना भरू नका.